साल्वाटोर आणि त्यामागून आलेले '-आटोर'

प्रश्न असा : म्युनिकच्या कडक बीयरची नावं साल्वाटोर, माक्सिमाटोर, ट्रिउम्फाटोर अशी एकाच साच्यातली का? '-आटोर' हा जर्मन प्रत्यय आहे का?

मुळात हा लॅटिनचा ऐवज. 'साल्वारे' म्हणजे तारणे, म्हणून साल्वाटोर म्हणजे त्राता. या दोन शब्दांची धाटणीही एकच आहे, कारण लॅटिनचा कर्तृवाचक '-तोर' आणि संस्कृतचा '-तृ' सख्खे भाऊ आहेत. आपला दाता लॅटिनमध्ये 'दातोर' होतो. नीट फोड केली तर साल्वाटोरमधला प्रत्यय '-तोर' एवढाच; आधीचा 'आ' धातूकडचा.

मग 'आटोर' एवढा तुकडा सुटा कसा झाला? ट्रेडमार्कमुळे. म्युनिकच्या आऊ भागातल्या नॉयडेक मठात पाओलाच्या संत फ्रान्सिसच्या पंथाचे भिक्षू राहत. पाउलानर या ब्रुअरीचं नाव त्यांच्यावरून पडलं. त्यांच्या बीयरचा पहिला लेखी उल्लेख 1634 चा, आणि तो आहे शहरातल्या बीयरवाल्यांनी त्यांच्याविरुद्ध केलेल्या तक्रारीत! पंथाला मांस, अंडी, दूध वर्ज्य. पेयानं मात्र उपास मोडत नाही, म्हणून ईस्टरपूर्वीच्या उपासांसाठी दाट, पोटभरीची बीयर. 'सांक्ट फाटर', म्हणजे संत पित्याची बीयर, याचंच साल्वाटोर झालं असं सांगतात. 1780 साली खुल्या विक्रीची परवानगी मिळाली. पुढे इतर ब्रुअऱ्याही आपल्या कडक बीयरला सर्रास साल्वाटोर म्हणू लागल्या. 1896 मध्ये नावाची नोंदणी झाली आणि इतरांना ते सोडावं लागलं. त्यांनी शेपूट तेवढं ठेवलं : औगुस्टिनरचा माक्सिमाटोर, लोवेनब्रॉयचा ट्रिउम्फाटोर, श्पाटनचा ऑप्टिमाटोर, आयिंगरचा सेलेब्राटोर. यांतली 'माक्सिमुस' आणि 'ऑप्टिमुस' तर चक्क विशेषणं, तिथे 'करणारा' हा अर्थ लागतच नाही. '-आटोर' दिसलं की ती डॉपलबॉक (बॉक नावाच्या कडक बीयरचा आणखी दाट प्रकार), एवढंच समजायचं. मॅरेथॉनचं शेपूट तोडून वॉकेथॉन झालं, तसाच हा प्रकार.

'डॉपल' म्हणजे दुहेरी, यावरून अल्कोहोल दुप्पट असेल असा समज होतो. तसं नसतं. आंबवण्याआधी 100 ग्रॅम रसात विरघळलेलं सत्त्व (बहुतेक माल्टची साखर) बॉकमध्ये किमान 16 ग्रॅम लागतं, डॉपलबॉकमध्ये 18. साल्वाटोरमध्ये अल्कोहोल 7.9 टक्के असतं. 'बॉक' म्हणजे बोकड खरा, आणि सेलेब्राटोरच्या बाटलीच्या गळ्यात छोटा पांढरा बोकड लटकवलेलाही असतो. पण बीयरचा बॉक आला आइनबेक या गावावरून. बव्हेरियन तोंडी त्याचं 'आइनपॉक' झालं, आणि 'आइन' म्हणजे 'एक' असल्यामुळे ऐकणाऱ्यांनी त्याची फोड 'एक बोकड' अशी केली.

लिहिताना 'सॅल्व्हेटर' नको, ते इंग्रजी वळण. जर्मन उच्चारात पहिला वर्ण 'जाड'मधल्या ज-च्या जवळ जातो, पण मूळ लेखनाशी जुळणारं 'साल्वाटोर' मराठीत बरं, आघात 'वा'वर. पाउलानरमध्ये तो 'ला'वर येतो, म्हणून 'पॉलनर' लिहू नये.