टागालोगमधली 'जो-तो'ची वाक्यं: सुरुवात कुठून करायची

टागालोग ही फिलिपिन्समधली भाषा बोलणारी मुलं 'जो-तो'ची वाक्यं (म्हणजे 'ज्या मुलानं आंबा खाल्ला ते' अशी) कशी बोलतात ते तू तपासणार आहेस, मस्त विषय घेतलायस! आधी क्रियापदाची रूपं पक्की कर, बाकी सगळं नंतर. 'बातांग कुमाइन नांग मांग्गा' म्हणजे आंबा खाल्लेलं मूल, आणि मुलानं खाल्लेला आंबा म्हणायचं तर क्रियापदच बदलतं, 'मांग्गांग किनाइन नांग बाता'. याला इंग्लिशसारखं पॅसिव्ह (कर्मणी प्रयोग) समजू नकोस, नवे लोक तिथेच फसतात, टागालोगमध्ये हे रूप अगदी रोजचं आहे.

मुलांकडून वाक्यं काढून घेताना एवढं बघ:
- चित्रात दोन मुलं हवीतच, एकच असेल तर 'कोणतं मूल?'चं उत्तर नुसतं 'बाता' (मूल) येणार आणि वाक्य हातात येणारच नाही
- तीच चित्रं मोठ्यांनाही दाखव, तेही क्रियापदाचं रूप बदलून बोलत असतील तर मुलाला चूक कसं म्हणणार?
- मूल अडलं तर थांब, तू पुरं करू नकोस प्लीज

'बाता'सारखं नाम त्याचं वर्णन करणाऱ्या भागाच्या आधी येतं की नंतर, ते सध्या सोड.