दुसरी दुर्बीण: मॅक की आखूड रिफ्रॅक्टर?

प्रश्न: माझ्याकडं आठ इंची डॉब (डॉब्सोनियन, म्हणजे फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) आहे, तो टिळकवाडीत घराच्या गच्चीवर असतो, पण शहराच्या उजेडात चंद्र आणि ग्रह सोडले तर विशेष काही दिसत नाही. आमचं गाव जांबोटीकडं, तिथं आकाश एकदम काळंभोर, पण एवढा जड डॉब टू-व्हीलरवरून न्यायचा कसा? सॅकमध्ये बसेल अशी दुसरी दुर्बीण हवीय. दुकानदार ९० एमएमचा मॅक (मॅकसुटोव्ह, म्हणजे भिंग आणि आरसे दोन्ही असलेली छोटी दुर्बीण) घ्या म्हणतोय. घेऊ का?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर: तुम्ही मॅक नका घेऊ. तो वाईट नाहीये, चंद्र आणि शनी मस्त दाखवतो, पण ते काम तुमचा डॉब आधीच जास्त चांगलं करतोय की. आठ इंची डॉबची फोकल लेन्थ साधारण १२०० एमएम असते आणि ९० च्या मॅकची १२५०, म्हणजे तोच २५ एमएमचा आयपीस (डोळ्याजवळचं भिंग; दुर्बिणीच्या फोकल लेन्थला त्याच्या एमएमनं भागलं की किती पट मोठं दिसणार ते कळतं) लावला की दोन्हीकडं ५० पटीच्या आसपास आणि आकाश दिसणार जेमतेम एक अंश. कृत्तिका जवळपास दोन अंश पसरल्यात, त्या दोन्हीतही अख्ख्या मावत नाहीत. मग जांबोटीपर्यंत जाऊन वेगळं काय बघितलं?

८० एमएमचा आखूड रिफ्रॅक्टर (पुढं ८० एमएम रुंद भिंग असलेली छोट्या नळीची दुर्बीण) घ्या, ४०० फोकल लेन्थवाला. तोच आयपीस यात १६ पट देतो आणि तीन अंश आकाश एकदम दिसतं. कृत्तिका अख्ख्या येतात, हिवाळ्यात देवयानी दीर्घिका येते, वृश्चिकाच्या शेपटीजवळचा एम ७ हा तारकागुच्छ तर फार सुंदर दिसतो, आणि एप्रिल-मेमध्ये दक्षिणेला नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ नक्की शोधा, आपल्याकडून तो २६ अंशांपर्यंत वर येतो, फक्त दक्षिणेला झाडं-डोंगर आडवे नकोत. प्रकाश डॉबच्या साधारण सहाव्या हिश्श्याएवढाच मिळणार आणि गुरूच्या कडेला जांभळट झाक दिसणार, हे मात्र धरून चाला.

१३० एमएमचा टेबलटॉप, म्हणजे टेबलावर ठेवायचा छोटा डॉब, तोही चांगला असतो, प्रकाश बराच जास्त, पण त्याला खाली घट्ट स्टूल लागतं आणि खड्ड्यांतून नेला की आरसे परत जुळवत बसावं लागतं. गाडीवरून नेणार असाल तर नकोच.

आता ट्रायपॉड, लोक इथंच फसतात. सेटबरोबर येणारा अॅल्युमिनियमचा ट्रायपॉड बऱ्याचदा इतका हलका असतो की फोकस करायला नॉबला हात लावला की तारा नाचायला लागतो आणि पुढचे कितीतरी सेकंद थांबतच नाही. दुकानात दिवसाच लांबच्या टॉवरचं टोक धरा, नळीला बोटानं टिचकी मारा, चित्र दोन-तीन सेकंदांत स्थिर झालं तर ठीक, नाहीतर दुर्बीण तीच घ्या पण ट्रायपॉड दुसरा, भले थोडा जड असू दे. ट्रायपॉडचे पाय पूर्ण लांब न करता खुर्चीवर बसून बघितलं तर हलणं अजून कमी होतं. माउंट (दुर्बीण धरून फिरवणारा भाग) साधा अल्ट-अॅझिमथ, म्हणजे वर-खाली आणि डावी-उजवीकडं फिरणारा घ्या; आकाशाच्या फिरण्याबरोबर वळणाऱ्या इक्वेटोरियलचं वजन कशाला वाहायचं?

डॉबचे सव्वा इंची आयपीस यालाही चालतात, डायगोनल (आयपीसच्या आधी लावायचा, प्रकाश वळवणारा आरसा) तेवढा सेटमध्ये आहे का बघा. थंडीत पुढच्या भिंगावर दव धरतं, ते पुसू नका, काळ्या जाड कागदाची लांब नळी करून पुढं लावा. आणि आपल्याकडचा पावसाळा भिंगांना फार वाईट, जून ते सप्टेंबर बॅगेत सिलिका जेल ठेवा आणि ओली दुर्बीण कधीच बंद करून ठेवू नका, बुरशी धरते.