पलंगपोस, छीट आणि चितळ

आर्वी तालुक्यातील एका वाचकाने विचारले आहे की, आजीच्या पेटीत निघालेल्या फुलाफुलांच्या ठसेछपाईच्या जुन्या कापडाला घरात 'छिटाचा पलंगपोस' म्हणत असत. शहरातील पडद्यांच्या दुकानदाराने मात्र ते 'चिंट्झ' असल्याचे सांगून 'छीट' हा त्याचा खेडवळ अपभ्रंश ठरवला. तर मूळ शब्द कोणता?

ही उलटी गंगा आता थांबली पाहिजे. मूळ शब्द आजीचाच आहे. 'छीट'ला इंग्रजांनी आपला अनेकवचनी 'स' जोडला, पुढे तो अनेकवचनाचा आहे हेच विसरून रूप एकवचनी मानले, आणि 'चिंट्झ' जन्मला. हे कापड तिकडे इतके खपले की देशी विणकरांच्या ओरडीमुळे फ्रान्सने १६८६ मध्ये आणि इंग्लंडने १७०१ पासून त्यावर निर्बंध घातले. 'छीट'चे मूळ 'चित्र', म्हणजे ठिपक्याठिपक्यांचे, रंगीबेरंगी, असे मानतात आणि मला ते पटते, कारण आपल्या जंगलातील चितळाचे नावही त्याच 'चित्र'वरून आले आहे.

परंतु खरे रत्न आहे ते 'पलंगपोस'. छिटाच्या पलंगावरील आच्छादनाला इंग्रजीत 'पॅलमपोर' असा शब्द आहे आणि काही कोशकारांनी त्याचा संबंध गुजरातेतील पालनपूरशी लावला आहे. हे मला मुळीच मान्य नाही. नावाजलेले पॅलमपोर कोरोमंडल किनाऱ्यावर, मच्छलीपट्टणच्या परिसरात होत असत; त्यांना शेकडो कोस दूरच्या पालनपूरचे नाव केवळ उच्चारसाम्यावरून चिकटवणे हे व्युत्पत्तिशास्त्र नव्हे. 'पलंगपोश' हा सरळ अर्थाचा शब्द समोर असताना गावे धुंडाळायची कशाला? फारसीत 'पोशीदन' म्हणजे झाकणे, नेसणे. त्यातूनच आपला पोशाख आला, ताटावरील सरपोस आला, आणि पायांना झाकणारा पापोस, म्हणजे जोडा, तोही आला. आमच्या बोलीत शहराचे 'सहर' होते, तसेच पोशचे 'पोस' झाले. त्यात अशुद्ध काहीही नाही. अशुद्ध आहे ते बाजारातील पाट्यांवरचे 'पलंगपोष'. हा 'ष' पोषणाचा आहे. त्या संस्कृत धातूवरून 'पोशिंदा' आला, आणि पलंगाशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

वाचकाने ते कापड उजेडात धरून पाहावे. फुलांच्या काळ्या रेघा जागोजागी विरलेल्या दिसतील, कारण काळ्या रंगासाठी वापरलेले लोखंडाचे पाणी सुताला हळूहळू खाते. तुरटीवर चढवलेला लाल मात्र तसाच टिकतो. तेच फूल ठरावीक अंतरावर पुन्हा येत असेल आणि त्या अंतराच्या कोपऱ्यावर ठसा जुळवण्याचा बारीक ठिपका सापडला, तर ते हाताने रेखलेले नसून ठशाचे छीट आहे.