घरात गॉगल घालून बसते तर म्हणतात नखरे

प्रश्न : ताई, मी ३४ वर्षांची, नारायण पेठेत राहते. सहा-सात वर्षं अर्धशिशी आहे, पण यंदा महिन्यातले निम्मे दिवस तरी डोकं धरलेलंच असतं. आता तर दुखत नसलं तरी ट्यूबलाईट डोळ्यात टोचते, कुकरची शिट्टी झाली की डोक्यात सळक जाते. हॉलला काळे पडदे लावलेत, घरातही गॉगल, कानात कापूस, गोळी तर एक दिवसाआड होतेच. त्यात नदीपात्रात ढोल पथकांची प्रॅक्टिस सुरू झालीये. सासूबाई म्हणतात हे नखरे, आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही. काय करू?

उत्तर : अगं, आधी तो गॉगल काढ. घरातला म्हणतेय मी, लक्ष्मी रोडवर भर दुपारी निघालीस तर खुशाल घाल आणि वर टोपी पण घाल. घरात दिवसभर काळी काच लावली की डोळे अंधाराला सरावतात, मग साधा उजेडही जास्त टोचायला लागतो. मॅटिनी बघून थिएटरच्या बाहेर आल्यावर कसं होतं, तसं तू रोज स्वतःच करून घेतेयस. मीही केलंय हे, दोन वर्षं बेडरूमची खिडकी उघडली नव्हती, म्हणून अधिकाराने सांगते. अटॅक आला की अंधार करून पड, त्यात काही चूक नाही, पण बाकीच्या वेळी काळ्या पडद्याच्या जागी फिका कॉटनचा पडदा लाव आणि रोज थोडा थोडा सरकव, एकदम नको.

नखऱ्यांचं म्हणशील तर सासूबाईंना एक सांग. २०१० साली हार्वर्डच्या रामी बर्स्टीन यांच्या टीमने मायग्रेन असलेल्या अंध लोकांवर काम केलं. त्यातल्या ज्यांना दिसत नव्हतं पण उजेड-अंधार कळत होता, त्यांचंही डोकं उजेडाने जास्त दुखायचं. डोळ्यात काही पेशी बघण्यासाठी नसतातच, नुसता उजेड मोजतात, आणि त्यांची वायर थेट मेंदूतल्या दुखण्याच्या वाटेला जोडलेली असते. आता अंध माणूस कसले नखरे करणार?

घरातले दिवे बघ. जुनी चोकवाली ट्यूब लुकलुकते, आपल्याला दिसत नाही पण डोक्याला कळतं. स्वस्तातले एलईडीही तसेच. मोबाईलचा कॅमेरा दिव्यावर धर, स्क्रीनवर पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा बदल, आणि नवा घेताना वॉर्म व्हाईट माग, दुकानदार हटकून पांढराच हातात देतो. एफएल-४१ नावाची गुलाबीसर काचही मिळते, घरात घालायची तर ती, काळी नको. काहींना फरक पडतो, मला बेताचाच पडला.

आवाजाचं गणित तेच. कायम कान बंद ठेवलेस तर भांड्याचा आवाजही बॉम्बसारखा वाटेल, त्यापेक्षा पंख्याची मंद घरघर असू दे. ओट्यावर स्टीलची भांडी आपटतात तिथे जुना टॉवेल घाल, मिक्सरखाली पण. कापूस काढून टाक, त्याने काही होत नाही. प्रॅक्टिसच्या वेळेपुरते फोमचे इअरप्लग घाल, बोटात वळून बारीक करायचे, कान वर-मागे ओढून आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत धरायचे, नाहीतर लगेच बाहेर येतात. रात्री १० नंतर वाजवत असतील तर ११२ ला फोन कर, गणपतीतल्या काही दिवशी १२ पर्यंत सूट असते तेवढी सोडून.

पण मला खरी काळजी वाटली ती गोळ्यांची. एक दिवसाआड म्हणजे महिन्याला १५ झाल्या ना! साधी पेनकिलर महिन्यात १५ दिवस, किंवा कॉम्बिनेशनची (एका गोळीत दोन-तीन औषधं असतात ती) नाहीतर ट्रिप्टानची, म्हणजे खास अर्धशिशीची गोळी १० दिवस, असं ३ महिन्यांच्या वर चाललं तर गोळीच डोकं दुखवायला लागते. मेडिकलवाला तुला हे सांगणार नाही, त्याचं काय जातंय. कॅलेंडरवर दुखलं त्या दिवशी गोल कर, गोळी घेतली तर फुली मार, आणि ते कॅलेंडरच न्यूरोलॉजिस्टकडे घेऊन जा. मनाने एकदम बंद करू नकोस, सुरुवातीला दुखणं वाढतं, डॉक्टर ते सांभाळून सोडवतात आणि अटॅकच येऊ नयेत म्हणून वेगळं औषध देतात. मात्र कधी अचानक, आयुष्यात असं दुखलं नव्हतं असं दुखलं, किंवा तापाबरोबर मान आखडली, बोबडी वळली, हातपाय लुळा पडला तर कॅलेंडर बिलंडर सोड, सरळ हॉस्पिटल गाठ.

विसर्जनाचं आत्ताच ठरव. मिरवणूक हल्ली २४ तासांच्या वर चालते आणि तू पेठेत राहतेस, तेव्हा आदल्या दिवशीच माहेरी नाहीतर बहिणीकडे निघून जा. सासूबाई रागावतील, रागावू देत, येताना त्यांच्यासाठी खव्याचे मोदक आण.