चांगले दात काढायचे?

प्रश्न : मुलगी तेरा वर्षांची आहे. वरचे दात पुढे आलेत. तारा लावण्याआधी चार चांगले दात काढावे लागतील, असं डॉक्टर म्हणतात. माझा जीव धजत नाही. – एक आई, सातारा

उत्तर : ताई, ही धास्ती मी रोज माझ्या दवाखान्यात पाहते. जबड्यात जागा कमी असेल, तर बहुधा सुळ्यामागची लहान दाढ काढतात. त्या जागेत पुढचे दात मागे सरकतात आणि फट बुजते. पण प्रत्येकाला हे लागतंच असं नाही. दोन्ही जबड्यांचा एक्स-रे, चेहऱ्याचा बाजूने काढलेला एक्स-रे आणि दातांचे साचे न पाहता कुणी सांगितलं असेल, तर थांबा. ऑर्थोडॉन्टिक्समध्ये, म्हणजे वेडेवाकडे दात सरळ करण्याच्या शाखेत, एमडीएस ही दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी घेतलेल्या दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

किडलेले दात, सुजलेल्या हिरड्या आधी बऱ्या करून घ्या. उपचार साधारण दीड ते दोन वर्षं चालतात, दर चार ते सहा आठवड्यांनी फेरी. म्हणजे दहावीचं वर्षही त्यात येऊ शकतं, आधीच बोलून ठेवा. मुलीशीही बोला. ब्रश तिलाच करायचाय, आणि ब्रॅकेटभोवती, म्हणजे तार धरायला दातांवर चिकटवलेल्या तुकड्यांभोवती, अन्न साचून पडलेले पांढरे डाग तारा निघाल्यावरही राहतात. ते पाहून मला फार वाईट वाटतं. चिक्की नको, ऊस नको. कणसाचे दाणे सोलून द्या. सुरुवातीचे काही दिवस दुखेल, तेव्हा मऊ खिचडी, वरण-भात.

खर्च ठरवताना रिटेनर, म्हणजे नंतर दात जागेवर धरून ठेवणारं साधन, त्यात धरलाय का, हे नक्की विचारा. तारा निघाल्यावर तो सांगितल्याप्रमाणे घातला नाही, तर दात पुन्हा सरकतात. रात्रीचा रिटेनर तर पुढे कित्येक वर्षं घालावा लागतो.