घरून कामासाठी लॅपटॉप घेतोयस तर एवढं बघ

एक्सेल, झूम आणि क्रोमचे टॅब एवढंच काम असेल तर आय-सेव्हन प्रोसेसरच्या नादी लागू नकोस, आय-थ्री नाहीतर रायझन थ्री बास होतो. रॅम (चालू कामाची मेमरी) मात्र 8 जीबीच्या खाली नको आणि तिच्यासाठी जादा स्लॉट आहे का ते आधीच विचार, कारण स्वस्तातल्या बऱ्याच मॉडेलात रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असते, मग पुढे वाढवायची म्हटलं की बोंब. हार्डडिस्कवाला फुकट दिला तरी नको, एसएसडीच (चिपवर डेटा साठवणारी वेगवान डिस्क) हवी. सेकंडहँड घेणार असशील तर इंटेल प्रोसेसर आठव्या जनरेशनचा किंवा त्यापुढचाच बघ, आधीच्या बहुतेकांना विंडोज 11 अधिकृतपणे मिळत नाही आणि 10 चा सपोर्ट ऑक्टोबर 2025 मध्ये संपलाय. दुकानात स्क्रीन मागे-पुढे कलती करून बघ, रंग उलटेपालटे झाले तर टीएन पॅनल, म्हणजे हलक्या प्रतीचा स्क्रीन समज, सोड तो.