गाडी लागू नये म्हणून मनगटाजवळचा बिंदू दाबतात, त्याचा खरंच उपयोग होतो का? तो ज्या 'पेरिकार्डियम मेरिडियन'वर असतो ते काय असतं?

होऊ शकतो, पण लोक सांगतात तेवढा नाही. मी बरीच वर्षं ऑपरेशननंतरच्या रिकव्हरी रूममध्ये नर्स होते, आणि आंबा घाटात दोन वळणं झाली की पिशवी शोधणाऱ्यांपैकीही आहे. त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगते.

आधी मेरिडियन. पारंपरिक चिनी वैद्यकानुसार 'ची' म्हणजे प्राणशक्ती शरीरात 12 मुख्य वाटांनी फिरते, त्यातली ही एक. छातीवर स्तनाग्राच्या जरा बाहेर सुरू होते, दंडावरून कोपराच्या खळग्यात येते, हाताच्या आतल्या बाजूने मधोमध उतरते आणि मधल्या बोटाच्या टोकाशी संपते. बिंदू अवघे 9. मूत्राशयाच्या मेरिडियनवर 67 आहेत! पेरिकार्डियम म्हणजे हृदयाभोवतीचं आवरण. हृदय राजा आणि त्याच्यावरचा घाव हे आवरण झेलणार, अशी ती कल्पना. म्हणून धडधड, बेचैनी, झोप न लागणं, मळमळ यांसाठी ही वाट वापरतात. शवविच्छेदनात अशी नळी मात्र कुणाला सापडलेली नाही. मी तिला नकाशा समजते, शीर नाही.

तुम्ही विचारताय तो सहावा बिंदू, नेइगुआन, म्हणजे 'आतला नाका'. तळहात वर करा. मनगटाच्या घडीवर दुसऱ्या हाताची तीन बोटं आडवी ठेवा आणि ती संपतात तिथे थांबा. मूठ किंचित वळवली की दोन दोऱ्या उठून दिसतात, त्यांच्या मधली जागा. (काहींच्या हातात त्यातली एक दोरी जन्मतःच नसते. माझ्या डाव्या हातात नाही, मी कितीतरी दिवस चुकीच्या जागी दाबत होते.) अंगठ्याने दोन-तीन मिनिटं दाबायचं, बोथट दुखेल इतपतच.

ऑपरेशननंतरच्या उलट्यांवर या बिंदूचा चांगला अभ्यास झालाय. कॉक्रेन ही उपचारांवरच्या चाचण्या एकत्र करून तपासणारी संस्था; तिच्या 2015च्या आढाव्यात 59 चाचण्या आणि 7,667 रुग्ण होते. तुलनेसाठी दिलेल्या खोट्या, नुसत्या दाखवण्यापुरत्या उपचारापेक्षा मळमळ-उलटी कमी झाली, आणि उलटीच्या औषधांच्या तुलनेत फारसा फरक दिसला नाही. गाडी लागण्याबाबतचे निकाल मात्र उलटसुलट आहेत. बाकी आठ बिंदूंबद्दल मी एवढ्या खात्रीने बोलणार नाही.

नावात हृदय आहे म्हणून छातीत दुखताना हा बिंदू दाबत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. सुया टोचून घ्यायच्या असतील तर महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरची परिषद आहे, समोरच्याची तिथे नोंदणी आहे का ते विचारा.

बटणवाला पट्टा मिळतो तोही चालतो, फक्त बटण त्या दोन दोऱ्यांच्या मधे हवं. माझ्या भाचीचं दर वेळी हाडावर सरकलेलं असतं आणि ती म्हणते, "मावशी, काही उपयोग नाही गं याचा." मी स्वतः पट्टा बांधते, पुढची सीट पकडते आणि निघण्याआधी अर्धा तास गोळीही घेते.